डाव्या हाताची साथ

लुई बँक्स हे नाव कळण्याच्या कितीतरी आधी त्यांचं काम माझ्या कानात मुरलेलं होतं. माझ्या वयाच्या बहुतेकांचं तसंच झालं असणार. १५ ऑगस्ट १९८८ ला लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं. सुरुवातीलाच भीमसेनजी. म्हणजे आपल्या पुण्याचेच! हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारचे जमले होते, त्यातल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला हातानेच गप्प केलं.

अण्णा इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करायचे आणि पाळी सांभाळून भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गाणं पुढे इतक्यांदा लागलं की घराघरांत पाठ झालं. एकदा अण्णांनी पेटी काढली आणि मला समोर बसवलं. "भैरवी आहे," म्हणाले, "पण खाली काहीतरी निराळंच चाललंय. गवई जे गातोय ते खालचा वाजवत नाही." आमच्या भजनात पेटीचं काम ठरलेलं: बुवा जिथे जातील तिथे त्यांच्या मागोमाग जायचं, तोच सूर धरायचा. गाणाऱ्याच्या सुराखाली दुसरेच सूर ठेवायचे आणि तरी त्याचा सूर ढळू द्यायचा नाही, हे अण्णांना नवल वाटलं होतं. मला तर ते पुढे जन्मभर पुरलं.

घरी पेटी असेल तर हे करून बघता येतं. उजव्या हाताने नुसता सा धरा. डाव्याने खाली सा, कोमल ग आणि प एकत्र दाबा. सा घरी बसल्यासारखा वाटेल, थोडा उदास. आता वरचा सा तसाच ठेवून डाव्या हाताने कोमल ध, सा आणि कोमल ग दाबा. सगळे सूर भैरवीचेच, वरचा सा जागचा हललेला नाही, पण त्याच्यावर उजेड पडतो. वर एकच स्वर असतो, खालचा हात त्याचा अर्थ बदलतो. पाश्चात्त्य संगीतात याला हार्मनी म्हणतात आणि जॅझ पियानिस्टचं निम्मं आयुष्य त्याचाच अभ्यास करण्यात जातं.

'मिले सुर'ची चाल अशोक पत्कींची, वाद्यमेळ आणि संयोजन लुई बँक्स यांचं. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पियूष पांडे यांचे. पत्की आणि बँक्स दोघेही १९४१ साली जन्मलेले. एक आपल्या भावगीतांच्या आणि जाहिरातींच्या दुनियेतला, दुसरा थेट दार्जिलिंगहून आलेला नेपाळी. बँक्स यांचं मूळ नाव डंबर बहादूर. आजोबांनी राजेशाहीच्या काळातल्या नेपाळी राष्ट्रगीताची चाल बांधली. वडील पुष्कर बहादूर कोलकात्यात ट्रंपेट वाजवत. युरोपीय वादकांच्या बँडमध्ये जागा मिळवताना त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव घेतलं आणि मुलाला नाव दिलं ते लुई आर्मस्ट्राँगचं. मुलगा आधी गिटार आणि ट्रंपेट शिकला, मग पियानोवर आला आणि तिथेच राहिला. काठमांडूत वडिलांबरोबर वाजवून झाल्यावर तो कोलकात्याला आला. पार्क स्ट्रीटच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत त्याचा बँड जमला. राहुलदेव बर्मन यांनी त्याला तिथेच ऐकलं आणि 'मुक्ती' (१९७७) च्या पियानोसाठी मुंबईला बोलावलं. सत्तरचं दशक सरताना बँक्स मुंबईत कायमचे राहायला आले.

जॅझचा आणि मराठी कानांचा संबंध काही तेव्हा सुरू झाला नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, त्यांनी 'अलबेला' (१९५१) मध्ये गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड असा काही वाजवून घेतला की अजून लग्नाच्या वरातीत पाय थांबत नाहीत. हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी उभे केले, आणि पडद्यावर त्यांचं नाव क्वचित आलं. बँक्स त्याच परंपरेत येऊन बसले. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या जाहिरातींच्या किती जिंगल्स त्यांच्या हातून गेल्या असतील! साबण, बिस्किटं, कापड. ज्या ध्वनिमुद्रणांतून देशाने त्यांना सर्वांत जास्त ऐकलं, त्यांवर त्यांचं नाव नव्हतं. मला हे खुपतं. अण्णांचं नावही मंडळाच्या पत्रिकेवर कधी छापलं गेलं नाही, 'साथसंगत' एवढंच असायचं.

माझं पेटीचं वेड बघून अण्णांनी मला फातिमानगरला एका आंटींकडे पियानो शिकायला घातलं. गाडीतळावरून पीएमटी धरायची आणि उतरून गल्लीत चालत जायचं. आंटींचा पियानो जुना, उभा, पावसाळ्यात दोन पट्ट्या अडकायच्या. त्यांनी मला परीक्षांसाठी तयार केलं, पण जाताना कधी मूड असला तर टेप लावायच्या. त्यात मुंबईच्या जॅझ यात्रेची, कुणीतरी सभागृहात बसून केलेली एक टेप होती. १९७८ पासून भरणाऱ्या त्या उत्सवात सॉनी रोलिन्ससारखे दिग्गज येऊन गेले. पंडित रविशंकरांनी १९८० साली तिथे 'जॅझमिन' हा प्रयोग केला, त्यातही बँक्स होते. आंटींच्या टेपवर खोकल्याचे आवाज, खुर्च्यांची कुरकुर आणि मधूनच पियानो. "लिसन टु द लेफ्ट हँड, बाय," त्या म्हणायच्या. डावा हात ऐकू येईना, म्हणून मी कान स्पीकरला लावला. तो खरोखरच फार थोडं वाजवत होता.

बँक्स यांच्यावर ऑस्कर पीटरसन आणि बिल इव्हान्स यांचा ठसा आहे. इव्हान्स ऐकला की आंटी काय सांगत होत्या ते लक्षात येतं. कॉर्डचा, म्हणजे एकत्र दाबलेल्या स्वरांच्या जुळणीचा, मूळ स्वर डाव्या हाताने वाजवायचाच नाही, तो बास गिटारवाला किंवा डबल बासवाला सांभाळतो. पियानोने मधले, रंग देणारे स्वर तेवढे घ्यायचे आणि बाकीची जागा सोडायची. हाच इव्हान्स १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रिकेत आहे. तिथे जॅझने भराभर कॉर्ड बदलणं सोडलं आणि एकाच स्वरसप्तकात मुक्काम केला. त्यातल्या 'सो व्हॉट'चं सप्तक म्हणजे आपला काफी थाट. तिथून रागाचं दार हाकेच्या अंतरावर होतं. साठच्या दशकात लंडनमध्ये कोलकात्याच्या जॉन मेयर यांनी 'इंडो-जॅझ फ्युजन्स' केलं, सत्तरच्या दशकात गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचा 'शक्ती' हा बँड आला.

पण 'शक्ती'त पियानो नव्हता. व्हायोलिनला मींड येते. मॅकलॉफ्लिन यांनी तर पडद्यांमधलं लाकूड कोरून घेतलेली गिटार बनवून घेतली, तार ओढता यावी म्हणून. पियानोला मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. रागदारीत जे सगळ्यांत मोलाचं, स्वराकडून स्वराकडे जाणं, तेच या वाद्याला वर्ज्य. पेटीवर हाच ठपका ठेवून आकाशवाणीने तिला कित्येक वर्षं बाहेर ठेवलं होतं, हे अण्णा दुखऱ्या आवाजात सांगायचे.

मग फ्युजनमध्ये पियानिस्टने करायचं काय? सिंथेसायझरच्या कडेला स्वर वाकवायचं चाक असतं, ते फिरवून मींडेची नक्कल करता येते. पुष्कळांनी ती केली आणि त्यातलं बरंचसं ऐकवत नाही. बँक्स यांचा मला दिसलेला मार्ग वेगळा आहे. गाणारा मींड घेतो तेव्हा ते थांबतात. मींड संपते तिथे खाली एखादी कॉर्ड येते आणि त्या स्वराचा अर्थ बदलते. दुसरं असं की पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणजे हे वाद्य आघाताचंही आहे. 'सिल्क' या त्यांच्या बँडमध्ये शंकर महादेवन, शिवमणी, बासवर कार्ल पीटर्स आणि मृदंगावर श्रीधर पार्थसारथी होते. तिथे मृदंगाशी पियानो बोलतो तो तालाच्या भाषेत. तिहाईच्या तिसऱ्या धावर दोन्ही हात एकदम पडतात तेव्हा अंगावर काटा येतो. महादेवन आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, त्यामुळे त्यांच्या आलापात मला नेहमी ओळखीचं कुणीतरी भेटतं.

आषाढात हडपसरला दोन्ही पालख्या येतात. इथून माउली दिवेघाटाने सासवडला जातात आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. लहानपणी अण्णांच्या खांद्यावरून मी दोन दिंड्यांच्या मधोमध उभी असल्यासारखी ऐकलंय: एका कानात एक पखवाज, दुसऱ्यात दुसरा, दोन्ही सुंदर आणि मिळून नुसता गलका. बरंचसं फ्युजन मला तसं वाटतं. एकाने दुसऱ्यासाठी पाऊल मागे घेतल्याशिवाय दोन्ही ऐकू येत नाहीत.

२००८ साली बँक्स यांचा वाटा असलेल्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या. 'माइल्स फ्रॉम इंडिया'मध्ये माइल्सचे जुने सहकारी आणि भारतीय वादक एकत्र आले. मॅकलॉफ्लिन यांच्या 'फ्लोटिंग पॉइंट'मध्ये रणजित बारोट यांचे ड्रम्स, शशांक यांची बासरी, निलाद्री कुमार यांची सतार आणि कीबोर्डवर बँक्स. दोन्हींना ग्रॅमीच्या एकाच गटात नामांकन मिळालं. पुरस्कार तिसऱ्यालाच गेला. माझ्या मते 'फ्लोटिंग पॉइंट' उजवी. त्यात वीस बोटांची करामत करू शकणारी माणसं आहेत, आणि मागे कीबोर्डचा एक पातळ थर अंथरलेला आहे. तो काढून टाकला तर काय होईल, याचा विचार करत मी ती ऐकते. २०१० चं 'फिर मिले सुर' मात्र माझ्या मनाला भिडलं नाही. सोळा मिनिटांहून लांब, चेहरेच चेहरे. पहिल्यातली मोकळी जागा त्यात भरून गेली.

३० एप्रिलच्या जागतिक जॅझ दिनानिमित्त बँक्स मुंबईत मैफली भरवत आले आहेत. मुलगा जिनो ड्रम्सवर असतो. मीही एकदा वांद्र्याला जाऊन आले. ऐंशीकडे झुकलेला माणूस विशीतल्या गायिकेला साथ करत होता. तिचा सूर जरा लांबला, ताल सुटतोय असं वाटलं, तेव्हा त्यांनी पियानोवर एकच स्वर हळू वाजवला, तिला परत यायची जागा दाखवण्यापुरता. टाळ्या तिला मिळाल्या. त्यांनीही वाजवल्या.

आता हडपसर ओळखू येत नाही. मगर कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. ज्या उसाच्या कडेने आम्ही शाळेत जायचो तिथे काचेच्या इमारती आहेत. तिथल्या आणि अमनोराच्या मुलांना मी कीबोर्ड शिकवते. मुलं हुशार असतात, मोबाइलवर बघून दोन्ही हातांनी सिनेमाची गाणी दणादण वाजवतात. परवा एक जण 'मिले सुर' बसवून आला. मी त्याला डाव्या हाताचा सा काढून टाकायला सांगितलं.

"मग तो कोण वाजवणार?"

"बास."

"पण बास आहे कुठे, मॅम?"

मी खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि सा मी धरला.