पहिली फळी

आम्हा कोकणी मुसलमानांचे दर्याशी नाते पोटाचे. कुणी तांडेल, कुणी खलाशी, कुणी बोटीवर भंडारी. दर्यावर जायचे ते कमवायला, आणि घरच्या बायांनी किनाऱ्यावरून दुवा मागायची. लाटेवर नुसते खेळायला जायचे आणि त्यासाठी पैसे मोजून फळी विकत घ्यायची, ही गोष्ट आमच्या घरात कुणी ऐकलेली नव्हती. ती आम्हांला ऐकवली केपटाऊनला, आपाच्या तेरा वर्षांच्या नातीने.

केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. आमची आपा लग्न होऊन तिथल्या रायलंड्स भागात गेली आणि तिथलीच झाली. तिची नात शाळेतल्या मैत्रिणींबरोबर म्युझेनबर्गच्या किनाऱ्यावर जाते. भाड्याच्या सर्फबोर्डवर ती तीन-चार वेळा उभी राहून आली होती. आता तिला स्वतःचा बोर्ड हवा होता. आपा गप्प राहिली. दुल्हाभाई मात्र लगेच म्हणाले, "घ्यायचा तर दुकानातला सगळ्यात भारी घेऊ."

या हट्टामागे जुने दुखणे होते. 1953 साली दक्षिण आफ्रिकेत सार्वजनिक जागा वर्णाप्रमाणे वेगळ्या करणारा कायदा आला आणि किनारेही वाटले गेले. म्युझेनबर्ग गोऱ्यांच्या वाट्याला गेले. सायमन्स टाऊनची आगगाडी तिथे समुद्राला लागूनच धावते. दुल्हाभाईंनी लहानपणी तो किनारा पाहिला तो गाडीच्या खिडकीतून. कायदा रद्द झाला 1990 साली. तोवर त्यांचे लाटांशी खेळण्याचे वय निघून गेले होते.

लाट कुणाची, हा प्रश्न तसा वर्णभेदाहूनही जुना आहे. हा खेळ हवाई बेटांतला. तिथे पूर्वी 'ओलो' नावाची लांबच लांब फळी सरदारांनी वापरायची, रयतेने आखूड 'अलाया' घ्यायची. म्युझेनबर्गला 1922 साली रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती पातळ लाकडी फळीवर लाटा घेऊन गेल्या, याचे तिथे आजही कौतुक होते. पण त्याच केपटाऊनचा कॅस कॉलियर वर्णभेदाच्या काळात वाढला. त्याचे वडील अहमदही सर्फिंग करणारे. या कॅसने 1999 साली मेक्सिकोत आपल्या जोडीदारासह मोठ्या लाटांची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याचे नाव घेताना दुल्हाभाईंची मान आजही ताठ होते.

तर आम्ही चौघे दुकानात गेलो. दुल्हाभाईंची नजर गेली ती सहा फुटी, टोकदार, आरशासारख्या चकाकणाऱ्या बोर्डवर. दुकानातला पोरगा हसला नाही. त्याने आधी पोरीचे वजन विचारले. पंचेचाळीस किलो. मग त्याने बोर्डवर लिहिलेला लिटरचा आकडा दाखवला. बोर्डचे घनफळ जितके जास्त तितका तो माणसाला पाण्यावर अधिक तोलून धरतो. नवशिक्याने निदान आपल्या किलोइतके लिटर घ्यावेत, जास्त असले तर उत्तम. तो चकाकणारा बोर्ड तीस लिटरांच्याही आतला होता. तो वळतो झटकन, पण आधी त्याला वेगाची लाट हवी आणि दंडात ताकद. नवखे माणूस त्यावर उभे राहण्याआधीच पाण्यात जाते.

मग त्याने भिंतीशी उभा केलेला निळा, बोजड बोर्ड पुढे ओढला. आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, तीन इंच जाड. वर मऊ फोम, म्हणजे डोक्यावर आदळला तरी खोक पडायची भीती कमी. खाली तीन पर, होडीच्या सुकाणूसारखे दिशा धरणारे. घोट्याला बांधायची दोरी बोर्डाइतकीच लांब. म्युझेनबर्गला तळ वाळूचा आणि उताराचा, लाट लांबवर फुटते आणि सावकाश किनाऱ्याला येते. अशा लाटेला लांब-रुंद बोर्डच लवकर पकडतो. जुना बोर्ड घ्यायचा असेल तर चिरा बघा, उचलून बघा, आत पाणी मुरलेला बोर्ड जड लागतो, हेही त्याने सांगितले.

दुल्हाभाई नाराज झाले. "ही तर गादी आहे," म्हणाले. पोरगा म्हणाला, "अंकल, आधी बुडू न देणारा घ्या. वळणारा मग घेऊ."

आम्हांला आमचे गाव आठवले. तिथे पोहायला शिकताना दोन सुके नारळ एकत्र बांधून त्यांच्या आधाराने पाण्यात सोडायचे. त्या नारळांची कुणाला लाज वाटत नसे. मग इथेच का वाटावी? ज्याला दारातून परत पाठवले गेले, त्याला दार उघडताच सगळ्यात उंच वस्तू हवीशी वाटते. आपल्या समाजात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला आपण ऐपतीबाहेरच्या शाळेत घालतो आणि घरी त्याचा अभ्यास घ्यायला कुणी नसते, तेही असेच. मान मिळाल्यासारखे आपल्याला वाटते, पाण्यात गटांगळ्या मूल खाते.

आपाचा प्रश्न कपड्यांचा होता. तिथले पाणी थंड, त्यामुळे सगळेच रबरी वेटसूट घालतात, गळ्यापासून घोट्यापर्यंत. आपा म्हणाली, "झाकतो खरा, पण चिकटतो किती!" नातीने तोड काढली. वेटसूटवर ढगळ, लांब पोहण्याचा सदरा आणि डोक्याला घट्ट टोपी. ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झनेट्टी यांनी 2004 साली बुर्किनी काढली तीही अशाच गरजेतून. आपाने सदऱ्याचे कापड ओढून पाहिले आणि मान हलवली. आम्ही ती होकाराची धरली.

निळा बोर्ड घरी आला. वर्ष-दोन वर्षांत पोरीला तो पुरेनासा होईल, तेव्हा तो विकायचा नाही, गल्लीतल्या पुढच्या पोराला द्यायचा, असे दुल्हाभाईंनीच ठरवले आहे. शार्कवर नजर ठेवणारे लोक तिथे झेंडे लावतात. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आणि शार्क दिसलेला नाही, पांढरा म्हणजे ताबडतोब बाहेर या. शनिवारी सकाळी नात पाण्यात असते, आणि तिचे नाना म्युझेनबर्गच्या वाळूत खुर्ची टाकून झेंडा बघत बसतात.