अंबाडी, शेवगा आणि बी-१२

परवा रिपोर्ट आला. डी आणि बी-१२, दोन्ही कमी! डीचं ठीक आहे, पुण्यात दिवसभर एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला ऊन कुठून मिळणार? पण बी-१२? वाशिमला आईला फोन लावला. "अंबाडी, शेवग्याचा पाला खात नाहीस, मग काय होणार!"

शेवग्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर, फोडणीच्या तेलामुळे ते अंगीही लागतं. बी-१२ मात्र कुठल्याच पालेभाजीत नसतं. आपल्यासारख्या शाकाहारी घरात ते येतं दूध-दह्यातून. आणि म्हैस विकल्यापासून आईकडे दूध फक्त चहापुरतं...

मग आठवलं, तिच्या पायाला मुंग्या येतात म्हणे. मी "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं.

असो. शनिवारी वाशिमला जातोय. आधी तिची तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते. आणि भाकरीसोबत वाटीभर दही, दोघांनाही.