एका यंत्राचे दोन संसार

परकायाप्रवेशाच्या कथा आम्ही लहानपणी आवडीने ऐकल्या. परंतु एकाच कायेत दोन जीवांनी आळीपाळीने वास करावा, हा चमत्कार आम्हांस दाखविला तो शाळेतील लॅपटॉपने. त्या यंत्रात विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदतात. कळ दाबली की पडद्यावर दोन नावे उमटतात. जिला बोलवावे ती जागी होते, दुसरी निजून राहते. विंडोजवर कचेरीचे काम चालते, लिनक्स विद्यार्थ्यांसाठी आहे. हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तिचा गाभा रचून लोकांपुढे ठेवला. विद्यार्थ्याने आरंभिलेली वस्तू विद्यार्थ्यांच्या हाती असावी, हे आम्हांस उचितच वाटते. शिवाय घरी कोकणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्हां गोमंतकीयांना या दुहेरी संसाराचे नवल ते काय! उंबरठा ओलांडला की 'कितें रे?' चे 'काय रे?' होते आणि जीभ कोठेही अडखळत नाही.

यंत्र मात्र अडखळले. जून महिन्यापासून कचेरीतील अर्ज भरण्याचे काम सायंकाळी त्याच लॅपटॉपवर होऊ लागले, आणि सकाळी मुलांनी लिनक्स उघडले की वायफाय कधी मिळे, कधी मिळत नसे. त्यातच पडद्यावरील घड्याळ सकाळी दहा वाजता दुपारचे साडेतीन दाखवू लागले. संशय कोणावर जावा? नववीतील एका मुलाने थोड्याच दिवसांपूर्वी लिनक्समध्ये देवनागरी टंकलेखनाची सोय करून दिली होती. 'त्यानेच काहीतरी बिघडविले,' असा निकाल दोन दिवसांत लागला. बाजारातील दुरुस्तीवाल्याने तर आतील वायफाय कार्ड जळाल्याचे यंत्र न उघडताच सांगितले. त्या कार्डाची किंमत मुलाच्या वडिलांकडून घ्यावी आणि लिनक्स पुसून टाकावे, अशी सूचना पुढे आली. वडील मासेमारीच्या होडीवर कामाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात मिळकत नाही. मुलगा काही बोलला नाही, फक्त संगणकाच्या खोलीकडे फिरकेनासा झाला.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. विजेच्या वस्तूंशी आमचे नाते दिव्याच्या बटणापुरते. तथापि साक्षीपुरावा न घेता शिक्षा देऊ नये, एवढे समजावयास विज्ञानाची पदवी लागत नाही. मुख्याध्यापकांकडून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या मुलालाच हाताशी घेतले.

पहिली साक्ष सोपी होती. त्याच वायफायवर आमचा भ्रमणध्वनी बिनतक्रार चाले, म्हणजे राउटर निर्दोष. तोच लॅपटॉप विंडोजमध्ये व्यवस्थित जोडला जाई, म्हणजे कार्डही जळालेले नव्हे. जळालेली वस्तू माणूस पाहून जिवंत होत नसते. मग लिनक्समध्ये शिरून पाहिले. यंत्रातील भागांच्या यादीत कार्डाचे नाव होते. वायफाय कोणी बंद करून ठेवले आहे काय, हे सांगणारी 'आरएफकिल' नावाची आज्ञा आहे. तिने दोन्ही प्रकारचे अडसर, आज्ञेने घातलेला आणि बटणाने घातलेला, नसल्याचे सांगितले. गाभ्याच्या नोंदवहीत मात्र एक ओळ सापडली: कार्डाला हाक मारली, पण उत्तर आले नाही.

येथे आमची मती कुंठित झाली. तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून आलो की मिळते. सकाळी बंद यंत्र सुरू केले तरच मिळत नाही."

आम्ही वही घातली. सहा दिवस, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि लगेच लिहावयाची. तीन वेळा विंडोज 'शटडाऊन' करून मग लिनक्स उघडले. तिन्ही वेळा वायफाय नाही. तीन वेळा 'रीस्टार्ट' केले. तिन्ही वेळा आहे.

कारण पुढे उलगडले. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून त्या प्रणालीत 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून 'शटडाऊन' करताना ती आपला गाभा व चालकांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच वाचून घेते. म्हणजे ते मरण नव्हे, कुंभकर्णाची निद्रा! अशा वेळी कार्डही कधी अशा अवस्थेत राहते की लिनक्सच्या चालकाला ते उठविता येत नाही. 'रीस्टार्ट' मध्ये मात्र सर्व काही खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होते. शिफ्टची कळ दाबून धरून 'शटडाऊन' केले तरी तोच लाभ. आम्ही तसे करून पाहिले आणि सकाळी वायफाय मिळाले. मग नियंत्रण पटलातील वीजविषयक पर्यायांत जाऊन त्या सोयीपुढची खूण कायमची काढून टाकली. यंत्र सुरू व्हावयास आता थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.

घड्याळाचा आरोपही टिकला नाही. यंत्रातील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते; लिनक्स तीच ग्रीनिचची वेळ समजून तीत आपले साडेपाच तास मिळविते. दहाचे साडेतीन झाले ते असे. जाळे मिळाले की लिनक्स वेळ स्वतःच सुधारून घेते, म्हणून पूर्वी ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. दोघेही आपापल्या घरी बरोबरच होते.

वही मुख्याध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मुलाला बोलावून सर्वांसमक्ष सांगितले की दोष त्याचा नव्हता. कारकून महाशयांनीही, जरा खाकरून का होईना, मान डोलविली. नवे कार्ड घ्यावे लागले नाही. लिनक्स जागच्या जागी आहे.

विंडोजच्या मोठ्या सुधारणेनंतर ती काढलेली खूण कधी कधी पुन्हा उमटू शकते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पाहण्याचे काम त्या मुलाकडे दिले आहे. वही त्याच्याचपाशी असते.