ओढ्यातले अकरा दगड

स्कॉटलंडमध्ये ओढ्याला 'बर्न' म्हणतात. उत्तरेच्या डोंगराळ भागात, जिथे गेलिक भाषा बोलली जायची, तिथे त्याच ओढ्याला 'आल्ट' हा शब्द आहे. ओढा ओलांडण्यासाठी पात्रात ओळीने बसवलेल्या दगडांना गेलिकमध्ये 'क्लाखरन' म्हणतात. 'क्लाख' म्हणजे दगड. त्याचं अनेकवचन 'क्लाखन', आणि चर्चभोवती वसलेल्या लहानशा वस्तीलाही 'क्लाखन'च म्हणतात. दगड, वाट आणि वस्ती ही सगळी एकाच शब्दाच्या घरात राहतात. मराठीत आपल्याकडे नदी चालत ओलांडायच्या जागेला 'उतार' आहे, कोकणात लाकडाचा 'साकव' आहे. नुसत्या दगडांवरून उड्या टाकत जाण्याला मात्र आमच्या गावात वेगळं नाव नव्हतं. 'दगडांवरून ये' एवढं सांगितलं की समजायचं.

मुलगी आणि जावई स्कॉटलंडच्या दक्षिणेला, बॉर्डर्स नावाच्या भागात एका छोट्या गावात राहतात. मागच्या वर्षी त्यांच्याकडे चार महिने होतो. घरामागे दहा मिनिटांवर एक बर्न वाहतो. त्याच्या पात्रात नऊ दगड आहेत आणि दोन जागा रिकाम्या आहेत. जुनी माणसं अजूनही 'अकरा दगड' असंच म्हणतात.

हे दगड किती जुने, हे शोधायची सोय त्या देशात फार चांगली आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याने 1843 ते 1882 या काळात स्कॉटलंडची पहिली सविस्तर मोजणी केली आणि मैलाला सहा इंच या प्रमाणात नकाशे काढले. एडिंबरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. त्या नकाशांवर विहिरी आहेत, चुन्याच्या भट्ट्या आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत, आणि ओढ्यांवर बारीक अक्षरांत 'स्टेपिंग स्टोन्स' असं लिहिलेलं आहे. मोजणीवाल्यांनी सोबत 'नेम बुक्स' नावाच्या वह्याही ठेवल्या होत्या. कुठल्या जागेला काय म्हणतात, हे ते गावातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहीत. आमच्या ओढ्यावर पहिल्या नकाशात ते दोन शब्द आहेत. नंतरच्या आवृत्तीत तिथून थोडं खाली 'एफ.बी.' उमटलं, म्हणजे फूट ब्रिज. दगडांचं नाव नकाशावरून गेलं, दगड मात्र राहिले.

पूल दगडांच्या जागी न होता खाली का झाला, हे ओढ्यात उतरल्यावर कळतं. दगड मांडायला पात्र रुंद लागतं, कारण रुंद जागी पाणी उथळ असतं. पुलाला उलट अरुंद जागा हवी, दोन्ही काठांना पक्का खडक हवा. तिथे पाणी खोल असलं तरी चालतं. म्हणून जिथे दगडांच्या जागी पूल आला, तिथे बहुतेक वेळा रस्ताही सरकला. जुनी वाट गल्ली होऊन राहिली, नाहीतर कुणाच्या तरी शेतात विरून गेली. गावात एखादी वाट सरळ ओढ्याकडे जाऊन उगीचच संपताना दिसली, तर ती पूर्वी संपत नव्हती असं समजावं.

दगड बसवणं हे कौशल्याचंच काम आहे. दगडाची लांब बाजू प्रवाहाच्या दिशेने ठेवायची, निमुळतं टोक वरच्या अंगाला, म्हणजे पाणी त्याला ढकलत नाही, कापलं जाऊन बाजूने निघून जातं. दोन दगडांतलं अंतर धडधाकट गड्याच्या उडीचं नसतं, डोक्यावर किंवा पाठीवर ओझं घेतलेल्या बाईच्या पावलाचं असतं. दगड फार जवळ आले तर त्यांचा बांध होतो, पाणी तुंबतं आणि पहिल्या पुरात सगळी ओळच उखडते. बुडाखालची वाळू पाणी खात राहतं, म्हणून दर काही वर्षांनी दगड हलवून पुन्हा बसवावा लागतो. एकदाच बांधून विसरून जावं असं हे काम नाही.

कोण जायचं या दगडांवरून? पहिलं उत्तर म्हणजे गिरणीला जाणारे. स्कॉटलंडमध्ये 'थर्लेज' नावाची पद्धत होती. कुळांनी आपलं धान्य जमीनदाराने नेमून दिलेल्या गिरणीतच दळायचं आणि दळणातला वाटा तिथे द्यायचा. त्यामुळे कितीतरी पायवाटा गिरणीकडे जातात. दुसरे म्हणजे रविवारी चर्चला जाणारे. गरीब घरातल्या बायका-मुलं मैलोन्‌मैल अनवाणी चालत येत, बूट हातात धरलेले. चर्चजवळच्या ओढ्यात पाय धुवायचे, मग मोजे-बूट घालून आत जायचं. हे वाचताना मला मशिदीच्या हौदाकाठी वुजू करणारी माणसं आठवली. तिथे कारण बूट झिजू नयेत हे होतं, आपल्याकडे कारण दुसरं आहे. पण देवाच्या दारात जाण्यापूर्वी वाटेची धूळ पाण्यात सोडावी, हे दोघांनाही कुणी शिकवावं लागलं नसेल.

तिसरे म्हणजे मयतीला जाणारे. पूर आलेल्या ओढ्यापाशी जिवंत माणूस थांबू शकतो, दोन दिवसांनी जाऊ शकतो. मयत थांबवता येत नाही. उत्तरेला कारब्रिज नावाचं गाव आहे. तिथे डलनेन नदीवर 1717 मध्ये एक दगडी पूल बांधला गेला. दफनासाठी डथिल चर्चकडे जाणारे लोक पुरामुळे अडकून पडायचे, म्हणून क्लॅन ग्रँटच्या प्रमुखाने तो बांधवून घेतला. लोक आजही त्याला 'कॉफिन ब्रिज' म्हणतात. 1829 च्या ऑगस्टमध्ये त्या भागात इतका मोठा पूर आला की त्याला 'मकल स्पेट', म्हणजे महापूर, असंच नाव पडलं. सर थॉमस डिक लॉडर यांनी त्याची हकिगत गोळा करून 1830 मध्ये पुस्तक छापलं. कितीतरी पूल त्यात वाहून गेले. कारब्रिजच्या पुलाचे कठडे आणि बाजूच्या भिंती गेल्या, पण कमान राहिली. आज तिथे नुसती एक बारीक दगडी कमान पाण्यावर उभी आहे.

डोंगराळ भागात आणि बेटांवर मयत खांद्यावरून किंवा हातांवरून नेत. लुईस बेटावर पुरुष दोन रांगांत चालतात, पुढचे काही पावलं खांदा देतात, बाजूला होतात, मागचे त्यांची जागा घेतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी येते. बायका कबरीपर्यंत जात नसत. मी हे मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, हे तर आपलंच आहे." मी माझ्या वडिलांच्या जनाज्यात चाललो आहे. जुलै महिना होता, आणि गाव आणि कब्रस्तान यांच्यामध्ये पऱ्या दुथडी भरून वाहत होता. चौघांचे खांदे आणि पाण्यात कंबरेपर्यंत उभे असलेले दोघे, एवढ्या आधारावर अब्बा पलीकडे गेले. त्या दोघांपैकी एक आमचा कुळवाडी शेजारी होता. त्यामुळे कारब्रिजचा पूल कशासाठी बांधला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता अकरा दगडांकडे येतो. ओढ्याच्या पलीकडचं जुनं घर काही वर्षांपूर्वी विकलं गेलं. नव्या मालकांनी बाग वाढवली, दगडांवरून वर चढणारी वाट त्या बागेत घेतली आणि फाटक लावून कुलूप घातलं. माणसं वाईट नाहीत. रस्त्यात भेटले की हात करतात. त्यांचं म्हणणं असं की दोन दगड नाहीत, वाट वापरात नाही, खाली पूल आहे, मग अडचण काय?

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. पण घराच्या लगतची बाग त्यातून वगळलेली आहे, घरातल्यांचा खासगीपणा राहावा म्हणून. तिथे उपयोगी पडतो तो जुना 'राइट ऑफ वे', वहिवाटीचा हक्क. वाट दोन सार्वजनिक जागा जोडणारी हवी, तिची दिशा ठरलेली हवी, आणि लोकांनी ती परवानगी न मागता, उघडपणे, सलग वीस वर्षं वापरलेली हवी. कागदोपत्री पुरावा असला तर उत्तमच. नसला तर माणसं सांगतात.

या सांगण्याला तिथे वजन आहे. ग्लेन डॉल नावाच्या खोऱ्यातून ब्रेमारला जाणारी वाट एका जमीनदाराने बंद केली, तेव्हा वाटांच्या हक्कासाठी झगडणारी संस्था कोर्टात गेली. 1888 मध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्समधून निकाल लोकांच्या बाजूने लागला. साक्षीदार होते मेंढपाळ आणि गुरं-मेंढरं हाकत बाजाराला नेणारे. त्यांच्याकडे दाखवायला दस्तऐवज नव्हता. आम्ही इथून चालत गेलो, एवढंच ते सांगू शकत होते.

आमच्या गावातही साक्षीचे फॉर्म भरून घेणं सुरू झालं. मुलीच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून त्या सांगत होत्या आणि मुलगी लिहीत होती. मी चहा घेऊन बाजूला बसलो होतो. आजींनी पाचव्या वर्षी पहिल्यांदा दगड ओलांडले, शाळेसाठी. त्यांचे वडील आणि आणखी तीन-चार शेतमजूर दर वसंतात पहारी घेऊन ओढ्यात उतरायचे आणि हिवाळ्याच्या पुराने सरकलेले दगड जागेवर आणायचे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी पैसे दिले म्हणूनही नव्हे. ती माणसं गेली, पुढची पिढी मोटारीने फिरू लागली, आणि एका हिवाळ्यात पाचवा दगड गेला, नंतर आठवा. मी विचारलं, "मुळात हे दगड कुणी ठेवले होते?" आजी हसल्या. म्हणाल्या, "ज्याला पलीकडे जायचं होतं त्याने."

आपल्याकडे सदका-ए-जारिया सांगतात तेव्हा विहीर, मदरसा, झाड यांची उदाहरणं देतात. विहिरीवर नावाची पाटी लागते. वाटेतला त्रासदायक काटा-दगड बाजूला करणं हाही ईमानचाच एक भाग आहे, अशी हदीस लहानपणी मौलवीसाहेबांनी आम्हाला पाठ करवून घेतली होती. दगड वाटेत आणून ठेवणं हेही त्याच पुण्याचं काम असू शकतं, हे मला त्या ओढ्याकाठी पटलं. त्यावर पाटी लावता येत नाही, लावली तरी ती पायाखालीच येणार. ठेवणारा कोण होता, त्याचा धर्मपंथ काय, त्याने कुणासाठी ठेवला, हे पुसून गेल्यावरही पाय कोरडे राहतातच.

आणि शहादत, साक्ष, हा शब्दही मला नव्याने ऐकू आला. साक्ष म्हणजे कोर्टात उभं राहणं, एवढंच आपण धरतो. इथे रोज त्याच वाटेने चालत राहणं हीच साक्ष होती. आजी ऐंशी वर्षं ती देत होत्या, कागदावर उतरायला एक दुपार पुरली. मी चार महिन्यांचा पाहुणा, माझ्या चालण्याला त्या फॉर्मवर जागा नाही, आणि ते बरोबरच आहे.

फॉर्ममध्ये एक रकाना होता : ही वाट तुम्ही कोणत्या कारणासाठी वापरलीत? आजींनी थोडा विचार केला आणि एकेक सांगत गेल्या. शाळा. दूध. चर्च. लग्नाआधी नवऱ्याला भेटायला. आता नवऱ्याला भेटायला. चर्चच्या आवारातली ती कबर फाटकाच्या पलीकडे आहे. पुलावरून गेलं तर पाऊण मैलाचा वळसा पडतो, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाऊण मैल हे अंतर असतं.

मी परत आलो तेव्हा दहा-बारा फॉर्म जमले होते. निर्णय अजून आलेला नाही. मुलगी दर रविवारी फोनवर सांगते. मागच्या रविवारी म्हणाली, पाणी कमी झालंय, गावातली काही मुलं पहारी शोधतायत.