अ अडकित्त्याचा

आमची धाकटी नात अक्षरें गिरवूं लागली, तेव्हां सूनबाईंनीं बाजारांतून एक सुबक चित्रमय अंकलिपी आणली. पहिल्याच पानावर अननस होता. मनांत आलें, अननस हिनें पुष्कळ खाल्ला आहे. अडकित्ता मात्र डोळ्यांनींही पाहिलेला नाहीं! मग पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत चार रविवार खेपा घातल्या, आणि जाड कागदावर चित्रें काढून एक घरगुती अंकलिपी सिद्ध केली.

अ अडकित्त्याचा, क करंड्याचा, ग गंजिफांचा, द दौतीचा, व वज्रीचा. टांचा घासावयाच्या वज्रीवरसुद्धां कारागिरानें हौसेनें पशुपक्षी बसवावे, याचें आमच्या घरांतील बायकांना फार नवल वाटलें. म मात्र सोपा. कोथरूडहून आणून पुन्हां उभारलेला मस्तानीमहाल तेथेंच आहे. अडलें तें ण पाशीं. या अक्षरानें आरंभ होणारा शब्द कोठून आणावा? शेवटीं ठाणवईच्या पोटांतला ण घेतला. आमच्या माजघरांतली ठाणवई १९७५ च्या सुमारास मोडींत गेली, आणि भांडींवाल्याच्या हातीं ती देणारा मीच. त्याच १९७५ सालीं केळकरांनीं, चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, गांवोगांव हिंडून गोळा केलेला आपला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला होता. ठाणवईचें चित्र काढतांना हात कांहींसा जड झाला, हें कबूल केलें पाहिजे.

ळ साठीं केळकरच घेतले. तें पान पाहून नातीनें विचारलें, "आजोबा, राजा म्हणजे गंजिफांतला हा का?"

दिवेलागणीची वेळ होती. थोरल्या वहिनींनीं डोळ्यांनीं मला खुणावलें. पण खोटें सांगवेना. म्हटलें, "नाहीं ग. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणींच देवाघरीं गेला. त्याची आठवण म्हणून त्यांनीं संग्रहालयाला त्याचें नांव दिलें."

ती बराच वेळ गप्प होती. वहिनी मजवर रागावून देवघरांत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशीं ती र चें कोरें पान घेऊन आली. "र राजाचा काढा." मी पेन्सिल घेऊन मुकुट रेखूं लागलों, तों तिनें माझा हात धरला.

"मुकुट नको, आजोबा. सदरा काढा."