ज्वारीच्या दाण्याएवढा डोंगर

दोंडाईचाजवळच्या आमच्या गावातून एक रस्ता सरळ उत्तरेला, तापीच्या बाजूला जातो. पळायला मी त्या रस्त्यावर शिकलो. पहाटे साडेपाचला निघायचो. रात्रीची लाईट होती म्हणून पाणी भरायला गेलेली माणसं तेव्हा शेतातून परतत असायची. एखादे आप्पा तोंडावर बॅटरी मारून विचारायचे, "कथा पयी ऱ्हायना रे भाऊ?" (कुठे पळतोयस?) मी नुसता हात वर करायचो. उजाडायला लागलं की समोर सातपुडा दिसायचा आणि त्यात सगळ्यात रुंद, माथा सपाट असलेला तोरणमाळचा डोंगर.

शाळेतल्या सरांनी मला पळण्यातली एकच गोष्ट शिकवली. "नजर पायाशी टाकू नकोस. मान खाली गेली की छाती मिटते, श्वास अडतो. लांबचं काहीतरी धर." मी तोरणमाळ धरला. बाभळी मागे जायच्या, मैलाचे दगड मागे जायचे, विहिरीवरचं इंजिन मागे राहायचं, डोंगर मात्र जिथे होता तिथेच. तासभर पळून १२ किलोमीटर झाले तरी त्याच्यात तिळभर फरक नसायचा. मला त्याचा कंटाळा आला नाही. उलट आधार वाटायचा. रोज बदलणाऱ्या माझ्या दमाला न बदलणारं काहीतरी समोर लागत होतं, असं आज वाटतं.

१९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा मी बारावीत होतो. त्याच दिवाळीत मामाकडून यशिका कॅमेरा आणला. ३६ फोटोंच्या रोलमधले ७ मी त्या डोंगरावर घालवले. घरच्यांच्या मते ती उधळपट्टी होती. रोल धुऊन आला आणि मी चकित झालो. आकाश होतं, ज्वारी होती, रस्ता होता. डोंगर कुठे होता ते मला बोटाने दाखवावं लागलं. आई म्हणाली, "हा ढग आहे का?"

त्यामागचा हिशेब मला फार उशिरा कळला. आमच्या गावापासून तोरणमाळ सरळ रेषेत पन्नास किलोमीटरहून जास्त. त्याची उंची साधारण ११५० मीटर. आमची जमीन १७० मीटरच्या जवळपास, आणि पृथ्वीच्या गोलाईने त्याचा पायथाही थोडा झाकलेला. त्या कॅमेऱ्याची लेन्स ३८ मिलिमीटरची. एवढ्या अंतरावरून एवढा डोंगर निगेटिव्हवर एक मिलिमीटरसुद्धा उमटत नाही, आणि पोस्टकार्डएवढ्या फोटोत तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा होतो. ज्वारीचा दाणा तेवढाच असतो. डोळ्यालाही तो एवढाच दिसत असतो. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर सगळा तोरणमाळ तिच्यामागे जातो. पण मन त्याला मोठा करून घेतं. रोज तासभर त्याच्याकडे बघत पळणाऱ्याचं मन तर फारच.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. ५००० मीटर म्हणजे फक्कीने आखलेल्या ४०० मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या. धुळ्यातून सातपुडा दिसत नाही, फार दूर पडतो. तिथून दिसतो तो लळिंगचा किल्ला, आणि तोही दक्षिणेला. माझ्या दृष्टीने डोंगर उलट्या बाजूला गेला होता. उत्तरेकडच्या सरळ पट्ट्यावर आलो की नजर ठेवायला पाण्याची टाकी आणि प्रेक्षकांचा तंबू, एवढंच. आठव्या फेरीपर्यंत मी पहिल्या चौघांत होतो. मग नजर पुढच्या मुलाच्या टाचांवर गेली आणि तिथेच खिळली. तो अनवाणी होता. त्याच्या टाचा मातीला लागतात न लागतात तोच उचलल्या जायच्या. त्या बघता बघता माझी मान खाली गेली आणि सर म्हणाले होते तसंच झालं. मी चौथा आलो. पदकं तीन होती.

पहिला तो मुलगा आला. अक्राणी महालातला, पावरा समाजाचा. तेव्हा तो सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. संध्याकाळी बसस्टँडवर आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. त्याचं गाव तोरणमाळच्या बाजूचं आहे हे कळल्यावर मी उत्साहाने सांगितलं, की मी रोज त्याच डोंगराकडे बघत पळतो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आम्ही शाळेला तिथून खाली उतरतो, परत चढतो. वरून तुमची बाजू सगळी धुळीची दिसते."

पदक हुकल्याचं दुःख चार महिने टिकलं असेल. ते वाक्य तीस वर्षं टिकलं आहे. मी ज्याची निळी रेघ करून ठेवली होती, ते त्याचं अंगण होतं. माझ्यासाठी जो डोंगर कधी जवळ आला नाही, त्याच्यावर तो रोज चढत होता आणि म्हणूनच माझ्या पुढे होता. वर्षानुवर्षं आपण सपाटीवरचे लोक सातपुड्याकडे देखावा म्हणून बघत आलो आणि त्यात राहणाऱ्यांना विसरत आलो, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा टोचलं.

पुढे जळगावला नोकरी लागली. मेहरूण तलावाच्या काठाने पळणं सुरू राहिलं आणि आजही आहे. आता वयोगटातल्या अर्ध्या मॅरेथॉनीत भाग घेतो. पळणं झालं की जी केळी खातो ती यावल-रावेरची, म्हणजे सातपुड्याच्याच पाण्यावरची. डोंगराच्या पायथ्याशी जाड रेती-गोट्यांचा थर आहे, पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं आणि बागांच्या विहिरींना मिळतं. गेल्या काही दशकांत मात्र तिथल्या विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल गेले. डोंगरावरचं जंगल गेलं तर हे पाणीही जाईल. पळणाऱ्याने हे माहीत करून घ्यायलाच हवं.

गावी जायला भुसावळ-सुरत पॅसेंजर. धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा. या गाडीच्या खिडकीतून मी त्या डोंगराचे किती फोटो काढले असतील, मोजदाद नाही. जुनी ३०० मिलिमीटरची लेन्स घेतली तेव्हा वाटलं, आता सापडला. डोंगर मोठा आला, पण उन्हाने तापलेल्या हवेत थरथरलेला, फिकट. मग कळलं की लांबच्या डोंगराचा फोटो हा निम्मा हवेचाच फोटो असतो. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाशच त्याला निळा करतो. जवळ गेलं की तो हिरवा आणि तपकिरी आहे. मे महिन्यात धुळीने तो नाहीसाच होतो. परतीचा पाऊस पडून गेला की मात्र हवा धुतली जाते. सकाळी तिरपं ऊन पडतं, घळींत सावल्या भरतात आणि एकेक सोंड सुटी दिसते. नंदुरबारला एकदा मिरचीच्या पथारीवरून फोटो घेतला: खाली लालभडक मिरची, वर बोटभर निळं. घरात लावलेला माझा एकमेव फोटो तो आहे.

तोरणमाळला मी गेलो तो पंचेचाळिशीनंतर. यशवंत तलाव पाहिला आणि मग कड्यावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो, आमचं गाव शोधत. त्या मुलाने सांगितलं होतं तसंच होतं. सगळी बाजू धुळीची. मी त्या धुळीचा एक फोटो काढला. त्यात गाव नाही, रस्ता नाही, काहीच नाही. पण तो मी जपून ठेवला आहे.

तुम्ही कधी ऑक्टोबरात जळगावहून सुरतेकडे सकाळच्या गाडीने निघालात, तर उजव्या हाताची खिडकी घ्या. अमळनेर सुटलं की बाहेर बघायला लागा. शिंदखेड्यानंतर सपाट माथ्याचा रुंद डोंगर दिसेल. फोटो जरूर काढा. आणि शेजारी धडगाव-अक्राणीकडचं कोणी बसलं असेल, तर त्यांना त्या डोंगराबद्दल विचारा.