चिलापी

मासे धरणं हा काय लिहायचा विषय आहे का, असं तुमच्यातला कोणीतरी विचारणारच. आपल्या पानांवर मोर्चा पाहिजे, बहिष्कार पाहिजे, कोर्टाची तारीख पाहिजे. पाहिजेच. पण च्यायला, मोर्चातून घरी आल्यावर चुलीवर काय शिजत व्हतं, तेही कोणीतरी लिहायला नको का?

आमच्या चुलीवर रविवारी चिलापी शिजायची.

बाप भुसावळच्या रेल्वे यार्डात खलाशी. हप्त्यात एक सुट्टी, तीही कधी मिळायची कधी नाही. १९८२ साली हतनूरचं धरण झालं. चांगदेवला तापी आन् पूर्णा एकमेकींत मिसळतात, तिथून पाणी खाली येतं आन् ४१ दरवाज्यांपुढं अडतं. आधी नदी व्हती, उन्हाळ्यात गुडघाभर. मंग एकदम समुद्र. समुद्र आम्ही पाह्यला नव्हता, म्हणून हाच. पूर्णामाय वऱ्हाडातली सगळी काळी माती घेऊन येते आन् इथं टाकते. पाणी उतरलं की ती गाळाची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. तिच्यावर कोण काय पेरणार यावर भांडणं व्हतात. तो दुसरा लेख.

आमचा सरंजाम साधा. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, बाजारातून आणलेला गळ, शिशाचा एक तुकडा आन् पाण्यावर तरंगायला वाळलेल्या पऱ्हाटीची काडी. काडी थरथरली की चिलापी. काडी सपकन बुडाली की काहीतरी मोठं. चिलापीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी चालते. मरळ मातर लाडाची, तिला बेडकी लागते. मरळ हवा पिते, ओल्या फडक्यात गुंडाळली तर घरी येईपर्यंत जित्ती राहते. पिलं झाली की नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात. पाण्यावर पिलांचा लालसर पुंजका फिरतो आन् खाली मायबाप. तेव्हा गळ टाकला की मरळ हमखास लागते, कारण ती खायला नाही, मारायला धावते. बाप अशा वेळी काठी उचलून घ्यायचा. आजीचा नियम व्हता तो. पावसाळ्याच्या तोंडी धारेला उलटे चढणारे गाभोळीचे मासेही आजी घरात येऊ द्यायची नाही. पुढच्या साली काय खासान, म्हणायची.

ह्या आजीनं मासे शिकले ते हौसेनं नाही. महाडनंतर बाबासाहेबांचं बोलणं खेड्यापाड्यांत पोचलं. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. आजानं दोन्ही सोडलं. गावानं मजुरी बंद केली, दुकानदारानं मीठ-मिरची बंद केली. मंग चार पोरांच्या पोटात काय घालायचं? नदी. झिंगे, खेकडे, बोटाएवढी खवली. आमच्या घरात मासा असा आला, मेलेल्या ढोराच्या जागी. ज्यांना वाटतं आपली मासळी म्हणजे निव्वळ चवीची गोष्ट, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नदीला दोन डोह व्हते. वरचा गावाचा, खालचा आपला. मासा वरून खाली यायचा, खालून वर जायचा. त्याच्यावर गोमूत्र शिंपडायला कोणी गेलं नाही. १९२७ साली महाडला चवदार तळं बाटलं म्हणून शेणा-गोमूत्रानं शुद्ध केलं, तेव्हाही तळ्यात मासे असणारच. त्यांचं मत कोणी घेतलं नाही.

१९८६ च्या दिवाळीत धुळ्याचा मामा आला. धुळे-चाळीसगाव पॅसेंजर, मंग चाळीसगावला गाडी बदलून भुसावळ. त्या लाइनीवर बसला की मामा दर वेळी एकच गोष्ट सांगायचा, खरं म्हणजे शिकवायचाच. १९२९ साली बाबासाहेब ह्याच लाइनीवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला उतरले. लोक हार घेऊन उभे. महारवाडा दोनेक मैल, पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, हाकायला मातर आपलाच माणूस बसला, ज्यानं जन्मात घोडा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आन् टांगा खाली नदीत. मामा म्हणायचा, ह्या पाण्याशी आपला हिशोब जुना शे.

त्या दिवाळीत आम्ही सगळे हतनूरच्या फुगवट्यावर गेलो. माय, बाप, मामा, आम्ही भावंडं आन् माझे दोन कॉलेजातले दोस्त. त्यातला एक नुकताच चळवळीत आलेला, खिशात सतत कागद. मामा धुळ्याच्या वस्तीत वंदना घ्यायचा आन् सुट्टीच्या दिवशी नकाणे तलावाच्या काठाला बसायचा. दोस्तानं बरोब्बर ते धरलं. मामा गांडूळ गळाला लावत व्हता.

"मामा, सकाळी पाणातिपाता वेरमणी आन् दुपारी हे?"

मायनं पातेलं खाली ठेवलं. बाप दुसरीकडं पाहायला लागला. मामा काही चिडला नाही.

"भाऊ, मारानी हौस न्यारी, पोटनी गरज न्यारी. बाबासायेबनी लिखी ठेयेल शे. वाच."

लिहिलेलं आहे हे खरं. १९५७ साली, बाबासाहेब गेल्यावर छापल्या गेलेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथाच्या मूळ इंग्रजीत हा भेद आहे, मारण्याची इच्छा आन् मारण्याची गरज यांतला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असा तो विचार. दोस्त म्हणाला, "ठीक आहे, पण बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया आहे, तिचं काय?" मंग तासभर ते चाललं. मला विचाराल तर दोस्ताचा प्रश्न आजही खोटा नाही. बापाच्या पगारात सात तोंडं व्हती, गरज दिसत व्हती. आता मी पेन्शन खातो आन् तरी गळ टाकतो. माझा निवाडा असा, की जे धरलं ते खाल्लं पाहिजे. फोटो काढून काठावर फेकून देणारी पोरं आता येतात, ती हौस. तीच मामानं सांगितलेली.

तेवढ्यात माय म्हणाली, "मीठ कोन्ही आनलं का? का नुसतं त्रिपिटक आनलं?" मीठ कोणीच आणलं नव्हतं. धाकट्या भावाला गावात पिटाळलं. राखेनं खवले घासले, काळ्या मसाल्यात रस्सा केला, कळण्याच्या भाकरी घरून आणल्या व्हत्या. दोस्तानं रस्सा घेतला, तुकडा घेतला नाही. कोणी आग्रह केला नाही.

आता खरी गोष्ट. काही वर्षांनी यावल-रावेरच्या बाजूला एका तलावावर आम्ही पोराबाळांसकट गेलो. तलावाचं नाव लिहीत नाही. दुपारी राखणदार आला. तलाव मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलेला.

"नाव?"

सांगितलं.

"पुढं?"

पुढं म्हणजे आडनाव. तुम्हाला माहीतच आहे. आडनाव ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला का आवळला, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. तो स्वतः भोई. पायात टायरची चप्पल, रोजंदारीवर. त्यानं तीन काठ्या काढून घेतल्या. मी म्हणालो, सरकारी पैशानं बांधलेल्या तळ्या-विहिरींचा वापर जातीवरून कोणाला नाकारता येत नाही, संविधानाचं कलम १५ वाच. तो म्हणाला, "पानी प्या ना, कोन नाही म्हनतं? बोटुकली आमी पैशे देऊन सोडतो."

मित्रांनो, त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कतला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणं झाली आन् त्यांची वाट अडली. १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन ह्या माशांची अंडी उतरवली, तेव्हापासून माणसानं वाढवलेलं बीज तलावात पडायला लागलं. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. पाण्यातही मजले आहेत, फक्त कोणी कोणाच्या मजल्यावर गेला म्हणून बाटत नाही. तर ज्यानं बीज टाकलं त्यानं पीक घ्यावं, हे कोणाही शेतकऱ्याला पटेल. आन् त्या संस्थेचे सभासद काही गब्बर नव्हते. माल व्यापारी उचलतो, भाव व्यापारी ठरवतो, हे त्यानंच विडी पेटवून सांगितलं.

मी टोपली उघडी केली. सगळी चिलापी. "ही तुम्ही सोडली का?"

तो हसला. चिलापी इथली नाहीच. आफ्रिकेतला मासा, १९५२ साली ह्या देशात आणला. तिला टोचणी लागत नाही, बीज लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून वाढवते आन् कुठल्याही डबक्यात पसरते. व्यापारी तिला भाव देत नाही, संस्थेला ती नको असते, कारण ती कतल्याचं खाणं खाते. नको असलेली, न बोलावलेली, आन् तरी सगळीकडं. ती घ्या, म्हणाला, आमच्या हिशोबात नाही.

काठ्या मातर दिल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, आन् ते मी त्यानंतर तालुक्याच्या बैठकीतही मांडलं. विषपेरणी आन् सुरुंगानं मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्याला माझा जोरदार पाठिंबा. जाळं ठेकेदार संस्थेचं असू द्या. पण काठावरच्या भूमिहीनानं, मग तो बौद्ध असो, भिल्ल असो, मातंग असो, एक काठी आन् एक गळ घेऊन घरापुरतं धरलं तर त्याला कोणी आडनाव विचारू नये, हे ठेक्याच्या कागदात लिहून घ्या. दिवसभरात गळाला लागून लागून किती लागणार? बैठकीतले पुढारी हसले. रस्ता, घरकुल, नोकऱ्या सोडून हा मासे घेऊन आला म्हणाले. त्या दिवशी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, पुढच्या बैठकीत तो यादीवरच नव्हता.

आम्ही नव्या काठ्या तोडल्या. बांबू फुकट मिळाला, गळ तेवढे विकत घ्यावे लागले.